शेळीचा पुरावा

बनुबाईची शेळी संध्याकाळी भांडंभर दूध द्यायची आणि सकाळी मात्र कास रिकामी. पाला बदलून झाला, नजर काढून झाली, गुरांचा डॉक्टरही येऊन गेला. "शेळीला काही झालेलं नाही, मावशी. तुमच्या आधी कोणीतरी उठून काढून नेतंय," असं तो म्हणाला. तो म्हणायच्या आधीपासून बनुबाईला चोर कोण ते माहीत होतं. शेजारची भीमा. तिची धाकटी जाऊ.

जामखेडच्या अलीकडं रानात त्यांची वस्ती होती आणि वस्तीवर घरं दोनच, सख्ख्या भावांची. थोरल्या गहिनीनाथाचं आणि धाकट्या अजिनाथाचं. मध्ये कमरेएवढी भिंत. बनुबाईच्या मुलाच्या, आदिनाथच्या लग्नात भीमा चार बायकांत म्हणाली होती की चहा पानचट झालाय. तेव्हापासून त्या भिंतीवरून सरळ शब्द गेला नव्हता. बनुबाईला काही सुनवायचं असलं तर ती शेळीला सुनवायची. भीमा आपलं उत्तर कुत्र्याला द्यायची. शेळी आणि कुत्रं दोघांनाही त्याची सवय होऊन गेली होती. नवरे आपापल्या बायकोच्या मागं उभे राहत आणि एकमेकांशी बोलत नसत. निदान कोणाला बोलताना दिसत नसत.

मागं सामाईक विहिरीच्या मोटारीसाठी भावकी बसली तेव्हा बनुबाईनं मोटार बाजूला ठेवून शेळी काढली. मध्यभागी आबा बसले होते. आबा म्हणजे तिचे चुलत सासरे. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, जीभ मात्र सैल सोडायची.

"पुरावा हाय का?" आबांनी विचारलं.

"तिचं तोंड बघा की. कसं तुकतुकीत झालंय. ते काय कोरड्या भाकरीनं झालं व्हय?"

"तोंड पुरावा न्हाई हुत, सूनबाई."

"मग पुरावा आनते. अन् न्हाई आनला तर तुमा समद्यांसमोर हिच्या अंगनात बसून हिच्या हातचा चहा पिते. वर चांगला झालाय म्हनते."

बनुबाईनं आजवर शब्द दिला आणि पाळला नाही असं झालं नव्हतं, आणि त्या पानचट चहानंतर भीमाच्या घरचं पाणीसुद्धा तिनं तोंडाला लावलं नव्हतं. भीमा कुत्र्याकडं बघून म्हणाली, "साखर जरा बेतानंच घालावी लागंल. गोड जास्त झालं की काहींना पचत न्हाई."

आदिनाथ सुप्याला कंपनीत होता. त्याच्या कानावर हे गेलं तसा तो सुट्टीला येताना एक जुना कॉम्प्युटर आणि एक कॅमेरा घेऊन आला. कॅमेरा शेळीच्या छपराच्या आढ्याला बांधला, वायर घरात आणली, पडद्यावर शेळी दिसायला लागली. बनुबाई तांदूळ निवडत होती. आदिनाथ शेजारी बसून समजावत होता.

"आई, ह्यात सगळं आपोआप साठतं. जागा भरली की जुनं आपोआप पुसतं. तू धरायला बाहेर पळू नको, गुडघे सांभाळ. आणि कधी बंद करायची वेळ आली तर हे इथं दाबायचं. मग ते म्हणतं की बंद होतोय. दिवा जाईपर्यंत थांबायचं. मधीच वायर ओढायची नाही. ऐकतीयेस ना?"

"व्हय व्हय."

तिनं 'पुसतं' एवढं ऐकलं होतं. बाकीचं तांदळातल्या खड्यांबरोबर बाजूला पडलं. आजवर तिनं रेडिओ, मिक्सर आणि नवरा एवढ्या गोष्टी बंद केल्या होत्या, आणि एकीचाही दिवा जाईपर्यंत थांबायची तिला कधी गरज पडली नव्हती.

आदिनाथ त्याच संध्याकाळी सुप्याला परत गेला. आणि दुसऱ्याच पहाटे, तांबडं फुटायच्या बेताला, चोर आला.

बनुबाई चुलीसाठी उठली होती. पडद्याकडं सहज नजर गेली आणि ती जागीच बसली. राखाडी चित्रात शेळीच्या मागं कोणीतरी उकिडवं बसलं होतं. कॅमेऱ्याकडं पाठ. डोक्यावरून शाल, आणि शालीवर मोर. ती मोरांची शाल सगळ्या भावकीला पाठ होती. भीमाच्या भावानं दिलेली, आणि आल्यागेल्याला दिसावी म्हणून भीमा ती कडक उन्हाळ्यातही दोरीवर वाळत घालायची. शेळी ओरडत नव्हती, हलत नव्हती. रवंथ करत उभी होती. बनुबाईला चोरापेक्षा शेळीचाच जास्त राग आला.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अहो, उठा. आली."

गहिनीनाथ आला. त्यानं पडदा बघितला आणि त्याची झोप उडाली.

"कोन हाय ते?" बनुबाईनं विचारलं.

"शाल दिसतीय."

"ते मलाबी दिसतंय. शालीत कोन हाय?"

"शालीत... मानूसच असंल कोनतरी."

"तुमच्या भावाची बायकू हाय. तिचं नाव घ्यायला तुमची जीभ जड हुती."

तोवर शाल उठली आणि चित्राबाहेर गेली. चोर सापडला होता, पण सापडला म्हणजे ह्या खोक्यात होता. थोड्या वेळानं उजाडलं असतं. कोंबड्या सुटल्या असत्या, कुत्रं आलं असतं, दिवसभर माश्या आल्या असत्या. हे सगळं आत शिरून वर वर चढत गेलं असतं आणि खालची भीमा पुसून गेली असती. घरात विंचू निघाला तर बनुबाई आधी त्याच्यावर वाडगं उपडं घालायची आणि मग माणसं बोलवायची. तिनं तेच केलं. भिंतीपाशी गेली आणि वायरीला हात घातला.

गहिनीनाथानं आयुष्यभर तिच्या चुका काढल्या होत्या. कालवणातलं मीठ, एसटीची वेळ, कुठल्या पाहुण्याचं लग्न कोणत्या साली झालं, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. आताही त्याचा हात अर्धा वर आला. तोंडही उघडलं.

"काय?" बनुबाई म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला. "काय न्हाई. ओढ."

तिनं वायर ओढली. पडदा काळा झाला. नवऱ्यानं न टोकता एक काम होऊ दिलं याचं तिला क्षणभर नवल वाटलं, पण नवल करायला वेळ नव्हता. खोकं वाकळीत गुंडाळून तिनं ज्वारीच्या कोठीत ठेवलं, कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवली. मग फोन घेऊन बसली. आबांना कळवलं, चुलत दिरांना कळवलं, नणंदेला कळवलं, आणि पुणतांब्याच्या व्याह्यांना काही संबंध नसताना कळवलं. "पुरावा कोठीत हाय. दुपारी या समदे. जेवून या, इथं सैपाक न्हाई."

सगळ्यांना सांगून झाल्यावर तिनं आदिनाथला फोन लावला.

"सापडली रे बाबा. मोरांच्या शालीसकट. मी मशीन कोठीत कोंडून ठिवलीय."

"कोठीत? आई, बंद कशी केलीस ती?"

"हातानं."

"तसं नाही. दाबून केलीस का ओढून?"

बनुबाईनं कोठीकडं बघितलं. मग म्हणाली, "फरक पडतो का?"

"जामखेडच्या परवेझभाईला पाठवतो. त्यांना उघडू दे. तू आता हात लावू नको. आणि आई, भावकीला एवढ्यात सांगू नको."

"व्हय," बनुबाई म्हणाली आणि फोन ठेवला. आबा तोवर घरून निघाले होते.

मग दुपारपर्यंत ती कोठीपाशी बसून राहिली. काम सुचेना. मध्येच तिनं कोठी उघडून वाकळीला हात लावून बघितलं. खोकं गार पडलं होतं. गार पडलेल्या कुठल्याच गोष्टीविषयी तिला कधी चांगलं वाटलं नव्हतं. भिंतीपलीकडं भीमा अंगण झाडत होती, रोजच्यापेक्षा जास्त वेळ, आणि कुत्र्याला सांगत होती, "आज पाव्हनं येनार हायती. बसायला सतरंजी टाकू या."

परवेझ मोटरसायकलवर आला. जामखेडला बसस्टँडजवळ त्याचं दुकान होतं. पंचवार्षिक निवडणुकीला दोन्ही पार्ट्यांची कामं त्याच्याकडं असायची, त्यामुळं चार लोकांत कसं बोलावं ते त्याला बरोबर समजायचं. त्यानं खोकं ओसरीवर ठेवलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. अंगणात सगळी भावकी बसली होती. भीमा आणि अजिनाथ भिंतीपलीकडं आपल्याच अंगणात उभे होते, कारण इकडं येणं म्हणजे कबूल करण्यासारखं झालं असतं.

मशीन बराच वेळ घुरघुरत राहिली. "तपासतेय," परवेझ म्हणाला. "मधीच बंद पडली की उठल्यावर आधी स्वतःचं अंग चाचपून बघते."

"माझंबी तसंच हुतं," आबा म्हणाले.

चित्र लागलं. पण पहाट नव्हती. आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, स्वच्छ उजेड, शेळी आणि भिंत. भिंतीच्या वर भीमाच्या शेवग्याच्या फांद्या. मग चित्रात एक बाई आली. हातात लांब काठी, काठीला आकडी. तिनं दोन्हीकडं बघितलं, आकडी भिंतीपलीकडं घातली आणि शेवग्याची एक हिरवीगार फांदी कडकन अलीकडं ओढली. मग दुसरी. फांद्या शेळीपुढं टाकताना तिचे ओठ हलत होते.

पडद्यावर शेळी मनापासून खात होती.

ह्या पाल्यावरूनही कधी काळी भावकी बसली होती. तेव्हा बनुबाईनं सांगितलं होतं की फांद्या वाऱ्यानं मोडतात. ती मशीन चोरासाठी आहे, घरधनिणीला ती कशाला बघेल, असं काल संध्याकाळी तिला वाटलं होतं. मशीननं बघितलं होतं, आणि पानापानासकट जपून ठेवलं होतं.

"वारा लई जोराचा हुता म्हनायचा," भीमा कुत्र्याला म्हणाली. मग परवेझला, "वो दादा, त्या काय बोलत हुत्या तेवढं ऐकू येतंय का?"

"आवाज नाही ह्याला."

"बरं झालं," गहिनीनाथ पुटपुटला.

"ते सोडा," बनुबाई म्हणाली. आवाज ठाम ठेवायला तिला कष्ट पडत होते. "पहाट दाखवा. पहाटंला कोन आलं ते बघा अन् मग हसा."

परवेझनं रात्र भराभर पुढं सरकवली. रात्रभर शेळी बसली, उठली, बसली. मग आभाळ थोडं उजळलं. शेळीनं मान वर केली, भिंतीकडं बघितलं, जणू कोणाची वाट बघत होती. आणि चित्र संपलं.

"पुढं घ्या की."

"पुढं नाही, मावशी. इथंच संपलं."

"संपलं कसं? मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तीबी बघत हुती," ती मशीनकडं बोट करून म्हणाली.

परवेझनं खुर्ची ओढून घेतली. "बघितलं असणार. पण बघणं वेगळं आणि आत उतरवणं वेगळं. ही जे बघते ते आधी वरच्यावर ध्यानात धरते. मग सवड काढून आतल्या तबकडीवर उतरवते. तबकडीवर गेलं ते राहतं. ध्यानातलं वीज असेपर्यंतच. म्हणून बंद करताना आधी तिला सांगायचं असतं, म्हणजे हातातलं जे काय राहिलंय ते सगळं ती उतरवून घेते आणि मगच डोळे मिटते. तुम्ही एकदम वायर ओढली. शेवटचं तेवढं तिच्या हातातच राहिलं."

"मग बघितल्या बघितल्या उतरवायला काय धाड भरली हुती तिला?"

"मावशी, तुम्ही भाकरी करता. एक भाजली की लगेच ती घेऊन माळावर मालकांना देऊन येता का, आणि मग दुसरी थापता?"

"न्हाई. टोपलं भरलं की समद्या एकदम धाडते."

"ती तसंच करते. नाहीतर तिचा सगळा वेळ जाण्यायेण्यातच जाईल."

बनुबाईला ते लगेच कळलं, आणि कळलं याचंच तिला जास्त वाईट वाटलं. कळलं नसतं तर भांडता आलं असतं. भीमा तव्यावर होती, अजून टोपल्यात पडली नव्हती, आणि तिनं स्वतःच्या हातानं चुलीवर पाणी ओतलं होतं. शेवगा मात्र कालच टोपल्यात गेला होता.

"आता ते काढता न्हाई येत?"

"जे उतरलंच नाही ते कुठून काढू?"

आबांनी घसा साफ केला. "सूनबाई, तुझं खरं असंलबी. पन हितं जे दिसलं ते दिसलं."

"आबा, एक बोलू का?" भीमा पहिल्यांदाच माणसाशी बोलली. "पाला माझ्या झाडाचा. शेळी तो खाती. मग दूध निम्मं कोनाचं? मी नेलं न्हाई, पन नेलं असतं तरी ती चोरी झाली असती का, एवढंच मला समजून घ्यायचंय."

बनुबाईला ह्यावर भांडायची इच्छाही उरली नव्हती. गेले कित्येक दिवस ती ह्या दुधामागं धावत होती. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. गुडघे ठणकत होते. तिनं पदर नीट केला आणि उठली.

"चला," ती म्हणाली. "घशात घालते एकदा. दिला शब्द दिला."

भिंतीला वळसा घालून सगळे पलीकडं गेले. सतरंजी खरंच टाकलेली होती. बनुबाई तिच्या अगदी कडेला बसली, म्हणजे निम्मी तरी जमिनीवर राहील. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग भीमाचा आवाज आला, आणि तो कुत्र्यासाठी नव्हता.

"अहो, दूध कुठाय? आपली गाय तर आटलीय. एवढ्या मानसांना काय कोरा चहा देऊ?"

"थांब जरा," अजिनाथ म्हणाला आणि घाईघाईनं विहिरीकडं मोटारीच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती आणि बाटलीत निम्म्याच्या वर दूध. गहिनीनाथानं भावाकडं असं बघितलं की जणू विहिरीत उडी टाकणाऱ्याला तो वरून ओरडून थांबवतोय. अजिनाथाला ते दिसलं, पण बाटली तोवर भीमाच्या हातात गेली होती.

चहा आला. आधी आबांना, मग वयाप्रमाणं. बनुबाईपुढं भीमानं स्वतः कप ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सगळी भावकी बघत होती. बनुबाईनं कप उचलला, श्वास रोखला आणि एक घोट घेतला.

तिनं दुसरा घोट घेतला. खात्री करायला.

शेळीचं दूध होतं. नुसतं शेळीचं नाही, तिच्या शेळीचं. शेवग्याच्या पाल्यानं जी एक हिरवट चव येते ती तिनं आयुष्यभर चाखली होती. तिला कॅमेरा लागत नव्हता. तिनं मान वर केली. समोर भीमा उभी होती, आणि भीमाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चहा पानचट म्हणते की काय एवढीच काळजी. भीमाला काही माहीतच नव्हतं.

मग तिनं अजिनाथाकडं बघितलं. तो कपात बघत होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तोही कपात बघत होता. दोघा भावांनी कप एकाच पद्धतीनं धरले होते, दोन्ही हातांनी, आणि एकाच वेळी फुंकर घालत होते. असं नुसतं रक्तानं येत नाही. रोज शेजारी बसून येतं. मोटार चालू करायला जातो म्हणून गहिनीनाथ रोज उजाडता जायचा आणि मोटारीला कधीच लागत नाही एवढा वेळ लावून यायचा. आणि शाल काय, दोरीवर तर असते. हात घालील त्याची.

पहाटे वर आलेला आणि परत खाली गेलेला हातही तिला आता नीट दिसला.

"सूनबाई," आबा म्हणाले, "कसा झालाय?"

आता तोंड उघडायचा अवकाश, पुरावा तिच्या जिभेवर होता. भावकी पुन्हा बसली असती. नवरा उभा राहिला असता, दीर उभा राहिला असता, आणि दोन म्हातारे बायकांना चुकवून मोटारीच्या खोलीत चहा पितात हे ऐकून पुणतांब्यापर्यंतची सगळी माणसं वर्षभर हसली असती. आणि शेवटी पुन्हा शेवग्यावरच आलं असतं. तिला नुसत्या विचारानंच दम लागला.

तिनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

भीमाच्या खांद्यांतला ताठा एकदम गेला. "अजून घ्या की थोडा," ती म्हणाली. सरळ बनुबाईला.

"घे म्हनली तर घेते," बनुबाई म्हणाली, आणि मग सावकाश दिराकडं वळली. "भाऊजी, उद्यापासनं ती बाटली जरा राखेनं घासून घेत जा. दुधाला मोटारीच्या ऑइलचा वास मारतोय."

अजिनाथाला ठसका लागला. गहिनीनाथानं त्याच्या पाठीवर थोपटायला हात उचलला, मग बायकोकडं बघितलं आणि ह्या वेळी मात्र तो हात खाली घेतला नाही.

"कसली बाटली?" भीमा म्हणाली. "कुठली मोटार?"

आबांनी आपला कप पुढं केला.